कागदाऐवजी कापड: बावीस भेटवस्तूंच्या बांधणीच्या नोंदी

५ ऑक्टोबर

गेल्या सणाच्या भेटवस्तूंवरचा कागद पुन्हा वापरता येईल या आशेने एका मोठ्या पिशवीत जपून ठेवला होता. आज ती पिशवी उघडली. चिकटपट्टी ओढताना बहुतेक कागद कडेने फाटले होते, आणि जे शाबूत होते त्यांच्या घड्या एका ठरावीक खोक्याच्या मापाच्या असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर ते नीट बसत नव्हते. चकाकणारा कागद मुठीत चुरगळून सोडला की पुन्हा आपोआप उलगडत होता. याचा अर्थ त्यात प्लास्टिकचा पापुद्रा आहे आणि तो साध्या कागदाच्या रद्दीत घालता येणार नाही. सगळी पिशवी तपासून वापरण्याजोगे तीन तुकडे हाती लागले. या वर्षी सगळ्या भेटी कापडात बांधायच्या, असे तेव्हाच ठरवले आणि दुसऱ्या कोणाला हे करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवायला सुरुवात केली.

एकूण भेटी बावीस आहेत: सात पुस्तके, सहा चपटी खोकी, चार उंच चौकोनी डबे, तीन बाटल्या, एक चेंडू आणि एक कापडी बाहुली. प्रत्येकीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून वहीत लिहिली. सर्वसाधारण मापे अशी निघाली: पुस्तक २१ × १४ × ३ सेंमी, चपटे खोके २५ × १८ × ८ सेंमी, डबा सर्व बाजूंनी १८ सेंमी, बाटली ३० सेंमी उंच आणि साडेसात सेंमी व्यासाची, चेंडूचा व्यास २२ सेंमी.

खर्च मी पैशांत लिहिणार नाही, कारण कापडाचा भाव जागोजागी निराळा असतो. किती मीटर कापड लागले, किती वाया गेले आणि किती तास गेले, एवढे मात्र प्रत्येक ठिकाणी लिहीन.

१२ ऑक्टोबर

कापड जमवण्यात आजचा रविवार गेला. घरात दोन जुन्या सुती चादरी (१५० × २२० सेंमी), सुती पडद्यांची एक जोडी (प्रत्येक पडदा ११० × २०० सेंमी) आणि कोणी वापरत नसलेला ९० सेंमीचा चौकोनी रेशमी स्कार्फ मिळाला. एवढ्यात भागले असते असे आता वाटते, पण आज दुकानात जाऊन ११० सेंमी पन्ह्याचे चार मीटर सुती पॉपलिन आणि दीड मीटर सॅटिन विकत आणले. नव्या भेटीला नवेच कापड शोभेल, असा विचार त्यामागे होता. कापसाचे नवे कापड तयार होताना पाणी, रंग आणि श्रम बरेच खर्ची पडतात. ते एकदाच वापरले तर कागदाऐवजी ते निवडण्यात काही अर्थ उरत नाही, त्यामुळे हे काम पुन्हा करायचे झाल्यास मी आधी घरातले कपाट रिकामे करीन.

सगळे सुती कापड रात्री भिजवून ठेवले.

१३ ऑक्टोबर

पॉपलिन धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजले. पन्हा ११० वरून १०६ सेंमीवर आला आणि चार मीटरची लांबी तीन मीटर ऐंशी सेंमी झाली. कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटले. न धुता कापले असते तर पहिल्याच धुण्यानंतर प्रत्येक चौकोनाचा आयत झाला असता. चादरी आणि पडदे अनेकदा धुतलेले असल्याने त्यांची मापे बदलली नाहीत, आणि जुन्या कापडाचा हा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता.

१९ ऑक्टोबर

आजची चूक या संपूर्ण कामातली सर्वांत महाग चूक ठरली.

चौकोनी कापडात वस्तू बांधण्याच्या जपानी पद्धतीला फुरोशिकी म्हणतात. ‘फुरो’ म्हणजे स्नान आणि ‘शिकी’ म्हणजे अंथरणे. स्नानगृहात आपले कपडे ज्या कापडात बांधून ठेवत त्यावरून हे नाव आले. या कापडाची रूढ मापे साधारण ४५, ७०, ९० आणि १०५ सेंमी अशी आहेत, आणि माप निवडण्यासाठी एक ठोकताळा सांगितला जातो: वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या एक तृतीयांश असावी. मी त्या ठोकताळ्यावर विसंबले. डब्याची लांबी १८ सेंमी म्हणून कर्ण ५४ सेंमी पुरे, पुस्तकाची २१ म्हणून ६३ पुरे, असा हिशेब केला आणि पन्ह्यात बरोबर दोन तुकडे बसतात म्हणून ५३ सेंमीचे चौदा चौकोन एकाच बैठकीत कापून टाकले. कडा दुमडल्यावर त्यांची बाजू ५० सेंमी राहणार होती आणि कर्ण सुमारे ७१ सेंमी. म्हणजे डब्यांना आणि पुस्तकांना ते भरपूर होईल, असे मला वाटले.

कापण्याचे तंत्र मात्र चांगले जमले, म्हणून ते लिहून ठेवते. पट्टी आणि खडूने रेघ आखून कात्री चालवली तर सुती कापड दोन-तीन मिलिमीटर तिरके जातेच. त्याऐवजी कडेला कात्रीने लहान छेद देऊन कापड हाताने फाडले की ते धाग्याच्या रेषेतच सरळ फाटते. फाडल्यावर कडेचे धागे थोडे ओढले जातात आणि कापडाला किंचित चुण्या पडतात, पण त्या इस्त्रीने जातात. चौकोन बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी तो कर्णावर दुमडावा. चारही कडा एकमेकींवर बसल्या नाहीत तर फाडण्यात नाही, मोजण्यात चूक आहे असे समजावे.

२० ऑक्टोबर

आठ तुकड्यांच्या कडा शिवल्या. पहिल्या तुकड्याला पंचावन्न मिनिटे लागली आणि आठव्याला पंचवीस.

कड अर्धा सेंमी आणि मग एक सेंमी अशी दोनदा दुमडली. सरळ बाजूंवर यात काहीच अडचण आली नाही. कोपऱ्यावर मात्र तीन पदरांवर पुन्हा तीनपट घडी बसून नऊ पदर होतात. माझी ७५/११ क्रमांकाची सुई तिथे अडली, टाके सुटले आणि दुसऱ्या तुकड्यावर सुई मोडली. ही जाडी केवळ शिवण्याच्या वेळी अडचणीची असती तर चालले असते, पण बांधताना गाठ नेमकी कोपऱ्याच्या टोकांची मारायची असते आणि टोक खड्यासारखे कडक झाले की गाठ बसत नाही. तिसऱ्या तुकड्यापासून कोपरा आधी तिरका दुमडून, आतले जास्तीचे कापड कापून, मग दोन्ही कडा एकमेकींना भिडतील अशा दुमडल्या. टोक पातळ झाले आणि सुई सहज चालली. पहिले दोन तुकडे उसवून पुन्हा शिवले, त्यात एक तास गेला.

मधल्या काळात शिलाई टाळण्याच्या दोन युक्त्याही करून पाहिल्या. नागमोडी कात्रीने कडा कापलेला तुकडा तीन धुण्यांनंतर चारही बाजूंनी जवळजवळ एक सेंमी उसवला. कापडाच्या गोंदाने चिकटवलेली कड पुठ्ठ्यासारखी ताठ झाली आणि गाठ मारताच तिला तडे गेले. कडा यंत्राने किंवा हाताने शिवण्याला पर्याय सापडला नाही. कापडाची मूळ विणीची कड जिथे मिळते तिथे मात्र ती तशीच ठेवावी. फुरोशिकीतही कापलेल्या दोनच बाजू दुमडून शिवण्याची रीत आहे. हे मला आठ तुकड्यांच्या चारही बाजू शिवून झाल्यावर समजले.

२६ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा प्रत्यक्ष वस्तू बांधून पाहिली. हे १९ तारखेला, कात्री हातात घेण्यापूर्वी करायला हवे होते.

पुस्तक कसेबसे बांधले गेले आणि गाठीची टोके आखूड राहिली. डबा मधोमध ठेवून जवळचा आणि पलीकडचा कोपरा त्यावर घेतला आणि उरलेले दोन कोपरे वर ओढले, तर ते एकमेकांना शिवलेही नाहीत. वहीतली मापे पुन्हा मांडल्यावर कारण कळले. एक तृतीयांशाच्या ठोकताळ्यात उंचीचा विचारच नाही, त्यामुळे तो चपट्या वस्तूंपुरताच ठीक आहे. कापडाला वस्तूच्या तळाखालून जाऊन दोन्ही बाजूंनी वर चढायचे असते, वरून मध्यापर्यंत यायचे असते आणि त्यानंतर गाठीसाठी दोन्ही टोकांना हातात धरता येईल एवढे उरायचे असते. म्हणजे

कर्ण = २ × (लांबी + उंची) + ३० सेंमी

आणि बाजू काढण्यासाठी कर्णाला १.४१४ ने भागायचे, म्हणजे ढोबळमानाने ०.७ ने गुणायचे. ३० सेंमी म्हणजे प्रत्येक टोकाला १५. पॉपलिनसाठी हे पुरते. कापड जाड असेल तर टोकाला २० धरावे.

या सूत्राने १८ सेंमीच्या डब्याला १०२ सेंमी कर्ण, म्हणजे ७२ सेंमीचे कापड लागते. माझ्या कापडाचा कर्ण ७१ सेंमी होता आणि डब्याभोवतीचा नुसता वेढाच ७२ सेंमीचा होता. पुस्तकाला ५५ सेंमीचे कापड हवे होते, मी ५० चे केले. चपट्या खोक्याला ६८ सेंमी येते, तिथे ७० घ्यावे. बाटलीसाठी तळाची त्रिज्या, उंची आणि टोक मिळून प्रत्येक बाजूला ४९ सेंमी, म्हणजे कर्ण ९८ आणि बाजू पुन्हा ७०. चेंडूचा परीघ ६९ सेंमी, त्यात ३० मिळवून ९९, म्हणजे तिथेही ७०. बावीसपैकी दहा वस्तूंना एकाच मापाचे कापड चालते, हे दोन आठवडे आधी उमजले असते तर कापडाची खरेदी, धुलाई आणि कापणी सगळीच निराळी झाली असती.

शिवलेल्या आठ तुकड्यांपैकी सात पुस्तकांना ठेवले. न शिवलेल्या सहांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

२ नोव्हेंबर

चादरी फाडायला घेतल्या. १५० × २२० सेंमीच्या चादरीतून ७३ सेंमीचे बरोबर सहा तुकडे निघतात आणि कापड जवळजवळ वाया जात नाही. मी लगेच फाडणार होते, पण आईने थांबवले आणि चादर खिडकीसमोर उजेडात धरायला सांगितली. मधला पट्टा, जिथे रोज झोपले जाते, तिथले धागे इतके विरळ झाले होते की पलीकडचा माणूस दिसत होता. हाताने आडवे ओढून पाहिले तर कापड बारीक आवाज करत फाटले. दोन चादरींच्या बारा तुकड्यांपैकी मधले चार बाद झाले आणि आठ भक्कम निघाले. बाद तुकडे टाकून दिले नाहीत. गाठींचा सराव, रंगाच्या चाचण्या आणि कडांचे प्रयोग त्यांच्यावरच केले, आणि खरे तर प्रत्येकाने कामाची सुरुवात अशाच तुकड्यांनी करायला हवी.

आठ तुकड्यांच्या कडा शिवायला दोन बैठकींत मिळून तीन तास चाळीस मिनिटे लागली.

९ नोव्हेंबर

आखूड पडलेल्या पॉपलिनचे चार तुकडे आज डब्यांच्या मापाचे झाले. या कामाचा मला विशेष आनंद वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला विचार असा होता की ५३ सेंमीच्या चौकोनाभोवती चारही बाजूंनी पट्टी जोडून त्याला चौकटीसारखे मोठे करावे. एक तुकडा बाद चादरीच्या पट्ट्या जोडून तसा करून पाहिला. दिसायला सुरेख झाला, पण पट्ट्यांचे जोड नेमके कोपऱ्यात येतात. तिथे शिवणीची जाडी वाढून गाठ फुगली आणि ताण दिल्यावर जोड उसवू लागला. गाठीचा सगळा भार कोपऱ्यावर येतो, त्यामुळे जोड तिथे असताच कामा नये.

म्हणून ती पट्टी उसवून जोड मध्यभागी नेले. चौकोनाचे साडेसव्वीस सेंमीचे चार समान तुकडे केले आणि त्यांच्यामध्ये पडद्याच्या कापडाची २६ सेंमी रुंद फुली घातली. आधी दोन तुकड्यांमध्ये आखूड पट्टी जोडून एक रांग, तशीच दुसरी रांग, आणि मग दोन्ही रांगांमध्ये एक लांब पट्टी. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडांचा एकेक सेंमी जातो. तो आणि कडांचे तीन सेंमी वजा करून बाजू बरोबर ७२ सेंमी आली. चारही कोपरे अखंड कापडाचे राहिले. एका पडद्याच्या रुंदीतून चार पट्ट्या निघाल्या आणि प्रत्येक पट्टी एका चौकोनाला पुरली. प्रत्येक तुकड्याला, कडा सोडून, चाळीस मिनिटे लागली. कोरियात चिंध्या जोडून केलेल्या बांधणीच्या कापडाला जोगाकबो म्हणतात. तिथले कारागीर जोडाच्या रेषाच नक्षी म्हणून पुढे आणतात. माझी फुली तेवढी नाजूक नाही, पण ती लपवण्याची गरज वाटली नाही.

दुसऱ्या पडद्यातून ७० सेंमीचे दोन तुकडे निघाले: एक तिसऱ्या बाटलीसाठी आणि एक चेंडूसाठी.

१६ नोव्हेंबर

गाठींची परीक्षा. प्रत्येक प्रकारच्या कापडात तीन किलो वजन बांधून दाराच्या कडीला रात्रभर टांगून ठेवले.

पॉपलिन आणि चादरीचे कापड सकाळपर्यंत जागचे हलले नाही. पडद्याच्या जाड कापडाची गाठ सैल पडली, कारण टोके १५ सेंमीचीच होती. ती २० सेंमीची केल्यावर टिकली, आणि बाटली थोडी खाली बसवून तेवढी लांबी मिळवता आली. सॅटिनची गाठ चाळीस मिनिटांत सुटली. दुहेरी गाठ मारली, ती पहाटे सुटली. सॅटिनचा धागा गुळगुळीत असतो आणि कापडाला कापडाची पकडच मिळत नाही. बाटल्यांसाठी आणलेले दीड मीटर सॅटिन बाद झाले. या संपूर्ण कामात पूर्णपणे फुकट गेलेली वस्तू ही एकच.

गाठ कोणती हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सराव करताना माझ्या काही गाठी आपोआप फिरत होत्या आणि टोके गाठीला काटकोनात उभी राहत होती. ती गाठ चुकीची असते आणि ओझ्याखाली सरकते. एका रात्रीत ती चार सेंमी सरकलेली मोजली. बरोबर निरगाठ अशी येते: आधी उजवे टोक डाव्यावरून नेऊन आत घालावे आणि दुसऱ्या वेळी डावे टोक उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने गेले की चूक झाली. बरोबर गाठीची टोके बांधणीच्या रेषेतच आडवी पडतात, पाहताक्षणी ओळखू येते. जपानीत तिला मा-मुसुबी म्हणतात आणि फुरोशिकीची जवळजवळ सगळी बांधणी तिच्यावर उभी आहे.

हीच गाठ सोडवणेही सोपे असते. एक टोक आणि त्याच टोकाचा गाठीखालचा भाग धरून दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सरळ ताणून ओढावे. गाठ उलटून त्या ताणलेल्या टोकावर दोन फासांसारखी बसते आणि ती हाताने सरकवली की निघते. हे वाक्य मी त्या दिवशी केवळ वहीत लिहिले आणि भेटीसोबत लिहून दिले नाही. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

२३ नोव्हेंबर

पडद्याचा रंग लाल आहे. ओले पांढरे कापड त्यावर घासले तर पांढऱ्यावर फिकट गुलाबी डाग उतरला. इतकी वर्षे वापरलेल्या पडद्याचा रंग जाईल असे वाटले नव्हते, पण तो आजवर एकटाच धुतला जात होता, त्यामुळे लक्षात आले नसावे. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे ऐकले होते. तसे केले, पण पुढच्या धुण्यात पाणी तितकेच लाल झाले. रंग घट्ट होत नाही, सुटा रंग धुऊनच काढावा लागतो, या निष्कर्षाला आले. गरम पाण्याने चार वेळा धुतल्यावर घासलेले कापड पांढरे राहिले. डब्यांच्या फुल्याही याच कापडाच्या, म्हणून त्या चारही बांधण्या पुन्हा धुवाव्या लागल्या आणि पॉपलिनच्या फिकट भागावर एका ठिकाणी रंग चढला तो कायमचा. रंगाची चाचणी कापड जोडण्याआधी करायची असते.

६ आणि ७ डिसेंबर

सर्व बावीस भेटी बांधल्या. सहा तास लागले, त्यातले दोन तास इस्त्रीचे.

पुस्तकांसाठी गाठ सोडून दिली. ५० सेंमीच्या कापडात पुस्तक बांधले की आखूड टोकांची गाठ पुस्तकाच्या मधोमध टोचल्यासारखी दिसते. त्याऐवजी हिरा-झुत्सुमी, म्हणजे बिनगाठीची चपटी घडी केली: एक कोपरा पुस्तकाखाली दुमडून, डावा-उजवा कोपरा वर घेऊन, शेवटचा कोपरा पाकिटाच्या झाकणासारखा खोचायचा. पोथीला बासनात गुंडाळतात त्याच्याशी हे पुष्कळ जुळते, आणि चौथ्या पुस्तकानंतर हात न मोजताच चालू लागला. उरलेल्या कापडाच्या दोन सेंमीच्या पट्टीने वरून हलकी सुरगाठ मारली.

बाटल्या उभ्या ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे मानेच्या वर बांधले. उरलेले दोन कोपरे मागे नेऊन, एकमेकांवरून फिरवून, पुढे आणून पोटावर बांधले. पहिल्या दोन प्रयत्नांत बाटली आत डगमगत राहिली, कारण खालच्या कापडात ढील होती. मानेवरची गाठ मारण्यापूर्वी चारही कोपरे एकदम वर उचलून बाटली तळाशी घट्ट बसू द्यावी लागते.

चेंडूला आधी पुस्तकासारखे दुमडण्याचा प्रयत्न केला, तो निसटत राहिला. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दोन जोड्या, एकावर एक अशा दोन गाठींनी बांधल्यावर तो स्थिर झाला आणि वरची गाठ धरून नेताही आला. बाहुलीला रेशमी स्कार्फ दिला. रेशीमही सरकते, पण बाहुली हलकी आहे आणि वजन नसले की सरकण्याला कारण उरत नाही.

फिकट चादरीच्या चार खोक्यांवरची छापील अक्षरे आरपार दिसत होती. अस्तर लावून कापड दुहेरी केले तर गाठ जाड होते, म्हणून खोकी उलटी ठेवून छापील बाजू तळाला नेली. दोन खोक्यांना सर्व बाजूंनी छपाई होती, त्यांना आत बाद चादरीचा एक पदर गुंडाळला. टाचण्या आणि चिकटपट्टी कुठेही वापरली नाही. टाचणी वस्तूला ओरखडते, आणि दुहेरी चिकटपट्टीचा डाग बाद तुकड्यावरून तीन धुण्यांतही गेला नव्हता.

१० डिसेंबर

पाच भेटी टपालाने पाठवायच्या होत्या आणि त्यांतल्या दोन पुन्हा उघडाव्या लागल्या. वाफेची इस्त्री करून कापड लगेच बांधले होते. पुठ्ठ्याच्या पेटीत तीन दिवस बंद राहिल्यावर त्याला कुबट वास येऊ लागला. इस्त्री झालेले कापड निदान एक रात्र मोकळ्या हवेत पसरून ठेवावे, मगच बांधावे. शिवाय पेटीत गाठीचा उंचवटा चेपला जातो आणि पोहोचेपर्यंत त्याचे रूप राहत नाही. टपालाच्या भेटींपैकी तिन्ही खोक्यांची बांधणी सोडून चपटी बिनगाठीची घडी केली. उरलेली दोन पुस्तके तशीच होती.

कापडाबद्दल काय लिहून द्यावे यावर घरात बराच विचार झाला. परत मागितले तर भेटीवर अट घातल्यासारखे होते, आणि काहीच सांगितले नाही तर घेणारा संकोचतो. शेवटी प्रत्येक भेटीच्या कार्डावर एकच ओळ लिहिली: ‘हे कापडही आपलेच आहे, ठेवावे, वापरावे किंवा पुढच्या भेटीला बांधून पुढे द्यावे.’

११ जानेवारी

बावीसपैकी नऊ भेटी घरातल्याच माणसांच्या होत्या. ती नऊ कापडे त्याच संध्याकाळी घडी घालून कपाटात परत आली. बाहेर गेलेल्या तेरांपैकी चार कापडे दुसऱ्या भेटींना बांधून आमच्याकडेच परत आली. एक डब्याचे फुलीचे कापड मावशीने टेबलावर अंथरले आहे आणि ते द्यायला तिची तयारी नाही, याचे मला समाधान आहे. सात कापडांचा अजून पत्ता नाही, ती वापरात आहेत की कपाटात, हे विचारणे योग्य वाटले नाही.

उरलेले एक आत्याकडचे, बाटलीचे. प्रवासात गाठ ओढली जाऊन घट्ट बसली होती. आत्याने बराच वेळ प्रयत्न केला आणि शेवटी कात्रीने गाठ कापली. दोन कोपरे गेले. ‘मला वाटलं, कागदासारखंच फाडायचं असेल,’ असे ती अपराधी आवाजात म्हणाली. दोष तिचा नव्हता, कारण गाठ सोडवण्याची रीत मी माझ्या वहीतच ठेवली होती. ते कापड मी मागून आणले. कापलेले कोपरे ज्या दोन बाजूंना होते त्या बाजूंनी फाडून ते ५५ सेंमीचे केले आणि कडा पुन्हा शिवल्या. पुस्तकासाठी सूत्राने जे माप निघाले होते तेच हे. कार्डावरची ओळ बदलली आहे. आता तिच्याखाली ‘एक टोक आणि त्याच टोकाचा गाठीखालचा भाग विरुद्ध दिशांना सरळ ओढा, मग गाठ सरकवा’ असे लिहून शेजारी गाठीचे लहान चित्र काढते.

एकूण हिशेब: नवे पॉपलिन चार मीटर, त्यातले सुमारे ९ सेंमीची एक पट्टी आणि दोन न शिवलेले तुकडे शिल्लक. सॅटिन दीड मीटर, पूर्ण वाया. दोन चादरी, दोन पडदे, एक स्कार्फ. दोऱ्याची तीन रिळे आणि दोन सुया. कापणे, शिवणे, उसवणे आणि चाचण्या मिळून २३ तास, बांधणीचे ६ तास वेगळे. कागदात हेच काम मी तीन तासांत करत असे. पुढच्या सणाला शिवण्याचे तास लागणार नाहीत, फक्त इस्त्रीचे आणि बांधणीचे लागतील. कपाटात आज चौदा कापडे तयार आहेत, आणि उरलेल्या दोन पॉपलिनच्या तुकड्यांना फुली घालायची की कडा शिवून लहान डब्यांना ठेवायचे, हे पुढची यादी मोजून झाल्यावरच ठरवीन.